अनॉन

सफोकच्या सपाट टोकाला, रस्ता खाजणात विरतो तिथे
एझ्रा गॅरडचं सायकलदुरुस्तीचं दुकान.
दाराला सुतळीने टांगलेला पुठ्ठा,
काळ्या रंगात ब्रशचे दोन केस अजून चिकटलेले:
परत येतो, अनॉन.

समोरच्या घरात मी भाड्याने राहायला आले
तेव्हा पुठ्ठ्याला तिसरा आठवडा लागला होता.

कुरियरचा पोरगा लुब्लिनचा, नवखा.
त्याला वाटलं, हे मालकाचं नाव.
'श्री. अनॉन यांस' असं लिहून
चेनचं खोकं त्याने माझ्याकडे ठेवलं.
म्हणाला, इथे जुन्या कवितांखालीसुद्धा
याच माणसाचं नाव असतं,
बरंच लिहिलंय त्याने.
मी त्याला सुधारलं नाही.

बेकरीतली थर्झा पेटिट म्हणाली, अनॉन म्हणजे जरा वेळाने.
तिची आई आतल्या खुर्चीतून:
जरा वेळाने नव्हे, येईन तेव्हा.
आणि थर्लो मास्तर, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं,
पाव काखेत धरून म्हणाले,
मुळात त्याचा अर्थ ताबडतोब.
फार जुन्या बोलीत 'ऑन आन', म्हणजे एकात.
हाक आली की उठलाच, मध्ये काही नाही.
"मग?" थर्झाने विचारलं.
"मग लोकांनी तो वापरला,"
असं म्हणून मास्तर सुटे पैसे मोजायला लागले.

पावाबरोबर ते वाक्यही मी घरी आणलं.
लोकांनी तो वापरला.
म्हणजे कुणीतरी हाकेला ओ दिली, "अनॉन!"
आणि आधी सुईवरची ओळ संपवली.
कुणी नालाचा शेवटचा खिळा ठोकून मग निघाला.
कुणी कूस बदलली.
खोटं असं कुणीच बोललं नाही,
प्रत्येकाने थोडंथोडं ओढलं फक्त,
आणि शब्द सैल होत गेला
मोज्याच्या इलॅस्टिकसारखा.
आपलं 'आलोच' नाही का,
त्यातला 'च' केवढा ठाम,
आणि म्हणणाऱ्याच्या अंगावर अजून टॉवेल.
'एकदम'सुद्धा फोडून बघितलं मी त्या रात्री:
एक दम. एकच श्वास.

एफी रोज शाळेतून येताना काचेला नाक लावायची.
आत तिची लाल सायकल, सीटवर उलटी उभी,
पुढचं चाक काढलेलं.
एकदा रस्ता ओलांडून माझ्याकडे आली:
"अनॉन माझ्या वाढदिवसाच्या आधी येतं का नंतर?"
वाढदिवस एकोणीस ऑक्टोबरला.
मी म्हटलं, शब्दात तारीख नाही गं.
तिने माझ्याकडे असं बघितलं
जसं बंद दुकानाकडे बघतात.

एकोणीस आली, गेली.

नोव्हेंबरात एका मंगळवारी शटर वर गेलं.
एझ्रा अर्धा उरला होता. नाकात नळी,
मागे चाकांवर ओढत आणलेला सिलिंडर.
(इप्स्विचचं इस्पितळ, फुप्फुसं,
साऱ्या गावाला ठाऊक होतं; मला कुणी सांगितलं नव्हतं,
मीही कुठे विचारलं होतं.)
पुठ्ठा त्याने काढला नाही.
कुरियरचा पोरगा दारात थबकला:
"तुम्हीच का अनॉन?"
एझ्राने पुठ्ठ्याकडे बघितलं, सिलिंडरच्या काट्याकडे बघितलं,
"अजून तरी," म्हणाला, आणि सही केली.

एफी धावत आली. दप्तर पाठीवरच.
सीट आता दोन बोटं वर घ्यावी लागणार होती,
ते तिने आल्याआल्या सांगून टाकलं.
"कधी होईल?"
"अनॉन," तो म्हणाला,
आणि स्टुलावरून उठला. उठायला त्याला
एक पूर्ण श्वास लागला.
पत्र्याच्या घमेल्यात पाणी ओतलं,
ट्यूब फुगवली पंपाने, ते काम एफीने केलं,
मग तिचा एकेक भाग पाण्याखाली दाबत
दोघं वाकून बघत राहिली,
बोलणं नाही,
हवा नेमकी कुठून सुटते आहे ते.